निवासी डॉक्टर : घडण आणि पारख

आपली शाळा निवासी आहे, आणि ससूनसारख्या रुग्णालयात रात्री-अपरात्री आपल्या रुग्णाजवळ उभा असलेला तरुण डॉक्टरही ‘निवासी’च म्हणवला जातो. दोन्ही ठिकाणी शब्दाचा अर्थ एकच आहे : जेथे शिकायचे तेथेच राहायचे. तरीही पहिल्या निवासाविषयी आपल्या पालकांना पुष्कळ माहिती असते आणि दुसऱ्याविषयी जवळजवळ काहीच नसते, असे आम्हांला वारंवार दिसून आले आहे. मुलगी एम.बी.बी.एस. झाली की पेढे वाटले जातात, वस्तीत फलक लागतो, विहारात सत्कार होतो. पुढे तीच मुलगी एम.डी.साठी एखाद्या महाविद्यालयात रुजू होते आणि घरी तिचा फोन येणे थांबते. आई विचारते, “डॉक्टर तर तू झालीस ना बाळा, मग आता पुन्हा शिकतेस कशाला? आणि शिकतेस तर रात्रभर कामाला का जुंपतात?” मुलगी घाईत असते, ती “नंतर सांगते” म्हणते आणि ते नंतर कधी येत नाही. ते उत्तर जरा सविस्तर द्यावे म्हणून हा लेख.

आधी क्रम सांगतो. बारावीनंतर ‘नीट’, मग साडेचार वर्षांचा एम.बी.बी.एस. अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता. एवढे झाल्यावर महाराष्ट्र वैद्यक परिषदेत नोंदणी होते आणि कायद्याच्या दृष्टीने विद्यार्थी डॉक्टर ठरतो. विशेषज्ञ व्हायचे असेल तर पदव्युत्तर ‘नीट’ द्यावी लागते. तिच्यात २०० प्रश्न असतात. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला १ गुण कापला जातो. त्या क्रमवारीनुसार आणि आरक्षणाच्या नियमांनुसार विषय व महाविद्यालय मिळते. मुदत ३ वर्षे. पुण्याच्या शासकीय महाविद्यालयातील परीक्षा नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते, अभिमत विद्यापीठे आपापली परीक्षा घेतात, आणि काही मोठ्या रुग्णालयांत डी.एन.बी. ही समकक्ष पदवी राष्ट्रीय परीक्षा मंडळामार्फत दिली जाते. महाविद्यालयांतील एम.डी.चे नियम मात्र राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे. जुन्या भारतीय वैद्यक परिषदेच्या जागी हा आयोग २०२० साली आला आणि पदव्युत्तर शिक्षणाचे आज लागू असलेले नियम त्याने २०२३ साली काढले.

या ३ वर्षांत निवासी डॉक्टर एकाच वेळी विद्यापीठाचा विद्यार्थी असतो आणि रुग्णालयाचा कामगारही असतो. त्याला फी भरावी लागते आणि विद्यावेतनही मिळते. त्याच्यावाचून सरकारी रुग्णालय एक रात्र चालणार नाही; मार्डने संप पुकारला की ते सर्वांना कळते. शिकणाऱ्यावरच काम टाकलेले असल्यामुळे, त्याचे शिक्षण कोठे संपते आणि राबवून घेणे कोठे सुरू होते, हे ठरवणे फार अवघड होऊन बसते. पुढे जे सांगायचे आहे त्यातले बरेचसे या एका गोष्टीतून निघते.

‘रेसिडेंट’ ही पद्धत अमेरिकेतील बाल्टिमोर येथे १८८९ साली सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आकाराला आली. तेथील विल्यम ऑस्लर आणि विल्यम हॉल्स्टेड यांनी तरुण डॉक्टरांना रुग्णालयातच राहायला लावले आणि जबाबदारी पायरीपायरीने वाढवत नेली. आपल्याकडे ब्रिटिश धाटणी आली. म्हणून पुण्या-मुंबईची जुनी डॉक्टर मंडळी अजूनही ‘हाऊसमन’ आणि ‘रजिस्ट्रार’ असेच शब्द वापरतात. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय १८६७ साली सुरू झाले, त्याला जोडून १८७८ साली बैरामजी जीजीभॉय यांच्या नावाने वैद्यक शाळा निघाली आणि १९४६ साली तिचे महाविद्यालय झाले. पुणे स्टेशनजवळची ती दगडी इमारत आपल्यापैकी बहुतेकांनी रुग्ण म्हणून किंवा रुग्णाचे नातेवाईक म्हणूनच पाहिली. आता आपली मुले तिच्यात ॲप्रन घालून शिरतात.

परंतु शिकणाऱ्याने शिकवणाऱ्याजवळ राहून शिकावे, ही कल्पना बाल्टिमोरहून फार जुनी आहे आणि आपल्या परंपरेत तर ती नियमबद्ध आहे. विनयपिटकातील महावग्गानुसार उपसंपदा मिळाली म्हणजे शिक्षण संपले असे होत नाही. नवा भिक्खू समर्थ आणि जाणता असेल तर त्याने ५ वर्षे उपाध्यायाच्या किंवा आचार्याच्या आश्रयाने राहायचे. यालाच ‘निस्सय’ म्हणतात. जो तेवढा तयार झालेला नाही त्याला मुदत नाहीच, त्याने जन्मभर आश्रयाने राहायचे. उपाध्याय होणाऱ्याची स्वतःची किमान १० वर्षे भरलेली असली पाहिजेत. येथे मुदत सर्वांना सारखी नाही, ती क्षमतेवर ठरते. आज वैद्यकशिक्षणात ‘क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम’ हा शब्द नवा म्हणून उच्चारला जातो, तेव्हा आम्हांला हा नियम आठवतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. विनयात शिष्याची कर्तव्ये सांगितली आहेत तशीच उपाध्यायाचीही सांगितली आहेत. शिष्याने उपाध्यायाची सेवा करायची. उपाध्यायाने शिष्याला शिकवायचे, त्याला पात्र-चीवर मिळेल असे पाहायचे, आणि शिष्य आजारी पडला तर उपाध्यायाने त्याची शुश्रूषा करायची. म्हणजे हा आश्रय दोन्ही बाजूंना बांधणारा आहे.

त्याच महावग्गात जीवकाची कथा येते. आपल्या वसतिगृहात ती प्रत्येक मुलाने ऐकलेली असते. तक्षशिलेत ७ वर्षे शिकल्यावर आचार्यांनी त्याच्या हाती कुदळ दिली आणि नगरीभोवती योजनभर फिरून, जिचा औषधाला उपयोग नाही अशी वनस्पती आणायला सांगितले. जीवक रिकाम्या हातांनी परतला आणि उत्तीर्ण झाला. कथेचा पुढचा भाग मात्र कमी सांगितला जातो. आचार्यांनी वाटखर्चाला थोडेसेच दिले होते, ते साकेतपर्यंत पोचता पोचता संपले. तेथे एका श्रेष्ठीची पत्नी ७ वर्षे डोकेदुखीने पीडित होती आणि नामांकित वैद्यांनी हात टेकले होते. द्वारपालाने वैद्य तरुण असल्याचे सांगताच तिने नकार दिला. ज्यांचे केस पिकले त्यांना जमले नाही, ते या पोराला काय जमणार, असा तिचा हिशोब. जीवकाने निरोप धाडला की, आधी काहीच देऊ नका, बरे वाटल्यावर वाटेल ते द्या. मग त्याने औषधी तूप नाकावाटे दिले आणि ती बरी झाली. कुदळीची परीक्षा ज्ञानाची होती आणि तेथे परीक्षक गुरू होता. साकेतला परीक्षक रुग्ण होता आणि गुरू जवळ नव्हता. आजच्या निवासी डॉक्टरच्या ३ वर्षांत या दोन्ही परीक्षा एकाच वेळी चालू असतात.

ते चालते कसे, हे पाहू. वॉर्डातील काम पथकांनी चालते. पथकात प्राध्यापक, सहयोगी व सहायक प्राध्यापक, वरिष्ठ निवासी आणि तिन्ही वर्षांचे कनिष्ठ निवासी असतात. पथकाचा ओपीडीचा वार ठरलेला असतो, तसा इमर्जन्सीचा वारही ठरलेला असतो. त्या वारी दाखल होणारा प्रत्येक रुग्ण त्या पथकाचा. पहिल्या वर्षाचा निवासी राउंडच्या आधी प्रत्येक रुग्णाची नाडी, बीपी, लघवीचे प्रमाण नोंदवतो, रक्ताचे नमुने घेतो, तपासण्यांचे कागद गोळा करतो, रक्तपेढीत खेटे घालतो. मनुष्यबळ कमी असले की शिपायाचे, तंत्रज्ञाचे, कारकुनाचे कामही त्याच्याच अंगावर येते. यातल्या पुष्कळ कामाला शिक्षण म्हणणे आम्हांला मान्य नाही. स्ट्रेचर ढकलून कोणी हृदयरोग शिकत नाही. पण एक गोष्ट मात्र याच धावपळीत शिकून होते. एकाच रुग्णाला दिवसातून चार वेळा पाहिल्यावर, कागदावर काहीही बदललेले नसताना ‘हा सकाळपेक्षा बरा दिसत नाही’ हे कळू लागते. ती नजर कोणत्याही पुस्तकातून येत नाही.

एक साधी क्रिया उदाहरणादाखल घेऊ. क्षयरोगात कधी कधी फुप्फुसाभोवतीच्या आवरणात पाणी साठते आणि ते सुईने काढावे लागते. रुग्णाला बसवून, हात टेबलावर टेकवून पुढे वाकवतात. पाठीवर बोटांनी ठोकून आणि सोनोग्राफीने जागा निश्चित करतात. सुई बरगडीच्या वरच्या कडेला लागून घालायची, कारण रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने जातात. एका वेळी साधारण दीड लिटरहून अधिक पाणी काढायचे नाही. काढले तर दबलेले फुप्फुस एकदम फुगून त्यातच पाणी उतरण्याचा धोका असतो. रुग्णाला खोकल्याची ढास लागली किंवा छाती आवळल्यासारखी वाटली तर हात थांबवायचा. पुस्तकात हे दोन पानांत मावते. निवासी डॉक्टर आधी नुसता पाहतो, मग हाताखाली मदत करतो, मग वरिष्ठ शेजारी उभा असताना स्वतः करतो, मग वरिष्ठ वॉर्डात कोठेतरी असताना करतो. शेवटी मध्यरात्री एकटा करतो, आणि वर्षभराने खालच्या वर्षाच्या मुलाला शिकवतो.

या चढत्या पायऱ्यांवरच आजचे मूल्यमापनशास्त्र उभे आहे. १९९० साली जॉर्ज मिलर यांनी क्षमतेचे ४ थर मांडले : माहिती असणे, कसे करावे हे माहिती असणे, करून दाखवणे आणि रोजच्या कामात प्रत्यक्ष करणे. पदव्युत्तर ‘नीट’ पहिल्या दोन थरांपलीकडे जात नाही. तिसऱ्या थरासाठी स्कॉटलंडमधील रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ साली एक पद्धत सुचवली. त्या परीक्षेत विद्यार्थी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो, प्रत्येक ठिकाणी ठरलेल्या वेळात एक काम करून दाखवतो आणि प्रत्येक परीक्षकाच्या हाती तीच ठरलेली यादी असते. चौथ्या थरासाठी वरिष्ठाला वॉर्डात उभे राहून पाहण्यावाचून गत्यंतर नाही. पाणी काढताना तो काय पाहतो? संमती घेतली का, रुग्णाला समजेल अशा मराठीत सांगितले का, डावी-उजवी बाजू पुन्हा पडताळली का, हात स्वच्छ धुतले का, सुई योग्य डब्यात टाकली का. आणि तासाभराने रुग्ण कसा आहे हे पाहायला हा पुन्हा आला का? हा शेवटचा प्रश्न आमच्या मते सर्वांत मोलाचा आहे.

नेदरलँड्समधील ओले टेन केट यांनी २००५ साली हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला. याला किती गुण द्यावेत असे विचारू नका, हे काम याच्यावर सोपवता येईल का असे विचारा, आणि सोपवायचे तर किती देखरेखीखाली, हे ठरवा. विश्वास कशावरून ठेवायचा, याचा शोध कॅनडातील संशोधकांनी २००८ साली घेतला, तेव्हा वरिष्ठ डॉक्टर ४ गोष्टी पाहतात असे आढळले : ज्ञान व कौशल्य, आपली मर्यादा ओळखणे, खरे बोलणे आणि काम मनापासून करणे. यांतली एकच गोष्ट लेखी परीक्षेत मोजता येते. उरलेल्या तीन रात्री दिसतात.

समजा, पहाटे ३ वाजता निवासी डॉक्टरला एका रुग्णाचे लक्षण ठीक वाटत नाही. वरिष्ठाला फोन करावा की नाही? केला तर “एवढेही कळत नाही?” असे ऐकावे लागेल, ही भीती. नाही केला तर रुग्णाच्या जिवाशी खेळ. ज्या विभागात फोन करणे हा कमीपणा समजला जातो, तेथे नवशिका गप्प बसायला शिकतो. सकाळी राउंडला पोटॅशियमचा आकडा विचारला आणि पाहिलेला नसेल, तर “पाहिला नाही, आता पाहतो” असे म्हणणारा निवासी त्या क्षणी बोलणी खातो. अंदाजाने आकडा ठोकून देणारा वेळ मारून नेतो. या दोघांपैकी विश्वासाला पात्र कोण, हे कोणालाही सांगता येईल. पण विभागाची रीत दुसऱ्यालाच बक्षीस देणारी असेल, तर पहिलाही हळूहळू आकडे ठोकू लागतो.

रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्याला कसे पारखावे, याची ५ लक्षणे महावग्गात आहेत. त्याला औषध तयार करता यावे, पथ्य-अपथ्य कळावे, त्याने लाभासाठी नव्हे, मैत्रीभावाने सेवा करावी, मलमूत्र, थुंकी, वांती काढताना त्याला किळस वाटू नये, आणि वेळोवेळी धम्माच्या बोलाने रुग्णाला धीर देता यावा. दोन लक्षणे ज्ञानाची, तीन वृत्तीची. यांतल्या चौथ्या लक्षणाशी पुण्याचा जवळचा संबंध आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात आणले, त्यात त्यांना लागण झाली आणि १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या हाती कोणतेही वैद्यकीय प्रमाणपत्र नव्हते.

आता लेखी मूल्यमापनाकडे वळू. प्रत्येक निवासी डॉक्टरने लॉगबुक ठेवायचे असते : कोणते रुग्ण पाहिले, कोणती क्रिया पाहिली, कोणती मदतीने केली, कोणती स्वतः केली. मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली शोधप्रबंध लिहायचा असतो आणि तो अंतिम परीक्षेच्या किमान ६ महिने आधी सादर व्हावा लागतो. संशोधनपद्धती, नीतितत्त्वे आणि हृदयक्रिया थांबल्यास करावयाचे उपचार यांचे अभ्यासवर्ग सक्तीचे आहेत. ३ महिने जिल्हा रुग्णालयात काम करणेही आता आवश्यक आहे. २०२१ च्या तुकडीपासून ही ‘जिल्हा निवासी’ योजना लागू झाली. मोठ्या रुग्णालयात प्रत्येक विषयाचा विशेषज्ञ हाकेच्या अंतरावर असतो. जिल्ह्याच्या ठिकाणी हाती असलेल्या साधनांत निर्णय घ्यावा लागतो. आपली मुले ज्या गावांतून येतात त्या गावांचे रुग्ण तेथेच येतात, म्हणून हे ३ महिने टाळण्याच्या खटपटी कोणी करू नयेत असे आम्हांला वाटते.

शेवटी अंतिम परीक्षा. १०० गुणांच्या ४ लेखी प्रश्नपत्रिका, मग प्रात्यक्षिक व तोंडी. ४ परीक्षक असतात, त्यांतले किमान दोघे बाहेरचे. दीर्घ केससाठी विद्यार्थी रुग्णाची सविस्तर हकीकत घेतो, तपासतो, निदान मांडतो आणि परीक्षकांच्या प्रश्नांना तोंड देतो. त्यापुढे छोट्या केसेस, मग एक्स-रे, उपकरणे, औषधे यांची टेबले. लेखीत आणि प्रात्यक्षिकात स्वतंत्रपणे किमान ५० टक्के मिळवावे लागतात; एकातील कमाई दुसऱ्यातील तूट भरून काढत नाही.

परंतु ज्या कागदाची पालकांना आणि पुष्कळदा खुद्द निवासी डॉक्टरांनाही नीट ओळख नसते, तो वेगळाच आहे. आयोगाच्या अभ्यासक्रमांत दर ३ महिन्यांनी भरावयाचा एक मूल्यमापनाचा तक्ता दिलेला आहे. रुग्णाधारित शिक्षण, नियतकालिकांचे वाचन, स्वाध्याय, विभागातील चर्चासत्रे, प्रबंधाची प्रगती, लॉगबुक अशा बाबींना १ ते ९ गुण द्यायचे. १ ते ३ म्हणजे असमाधानकारक, ४ ते ६ समाधानकारक, ७ ते ९ त्याहून चांगले. कोणत्याही बाबीत ४ पेक्षा कमी गुण दिले तर सुधारणेचा उपाय सुचवलाच पाहिजे, आणि विद्यार्थ्याशी स्वतंत्रपणे बोलावे अशी शिफारस आहे. तळाशी ३ सह्या : मार्गदर्शकाची, विभागप्रमुखाची आणि स्वतः विद्यार्थ्याची.

ही तिसरी सही क्षुल्लक वाटते, पण तिच्यात फार मोठी गोष्ट आहे. ती सही म्हणजे ‘माझ्याविषयी काय लिहिले ते मी वाचले’ याचा पुरावा. जो कमी पडला त्याला तिसऱ्याच महिन्यात कळते आणि उपाय मागता येतो. प्रत्यक्षात काय होते हे या क्षेत्रातील कोणाला नवे नाही. अनेक ठिकाणी लॉगबुक परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एकगठ्ठा सह्या घेऊन पूर्ण केले जाते आणि तक्ते मागाहून भरले जातात. मग ३ वर्षांत कागदावर कोणीच कोणाला पाहिलेले नसते. पाहिलेले असते ते सारे तोंडी, कुजबुजीत, “तो चांगला आहे”, “तिला काही येत नाही” अशा शेऱ्यांत.

तोंडी पारख आपल्या मुलांना महाग पडते, हे स्पष्ट बोलले पाहिजे. ज्याच्या घरी दोन पिढ्या डॉक्टर आहेत त्याला राउंडला कोठे उभे राहायचे, कोणाला काय म्हणायचे, कोणते पुस्तक कोणत्या सरांना आवडते, हे रुजू होण्याआधीच ठाऊक असते. आपल्याकडची मुलगी घरातली पहिली डॉक्टर असते. तिची पहिली चूक तिच्या खात्यावर जमा होण्याऐवजी तिच्या प्रवेशाच्या प्रवर्गाच्या खात्यावर जमा होते. २००६ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील तक्रारींच्या चौकशीसाठी केंद्र सरकारने प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षांत मिळणाऱ्या वेगळ्या वागणुकीविषयी जे सांगितले, ते २००७ च्या अहवालात नोंदले आहे. २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांचा वसतिगृहात मृत्यू झाला. त्या तडवी भिल्ल या आदिवासी समाजातील होत्या. वरिष्ठ सहाध्यायींनी जातीवरून छळ केल्याचा आरोप आहे आणि प्रकरण न्यायालयात आहे. त्याचा निर्णय न्यायालय देईल. आम्हांला येथे एवढेच नोंदवायचे आहे की, पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला कोणते काम शिकू द्यायचे, कोणाला शस्त्रक्रियागृहात उभे करायचे आणि कोणाला वॉर्डातले कागद लिहायला ठेवायचे, हे बहुतेक वेळा प्राध्यापक ठरवत नाहीत. एक-दोन वर्षांनी मोठे असलेले सहाध्यायी ठरवतात. ते कोठे लिहिले जात नाही. लिहिले गेले असते, ‘सहा महिन्यांत या विद्यार्थिनीला किती प्रसूती करू दिल्या’ हा आकडा दर तिमाहीला विभागप्रमुखांच्या टेबलावर गेला असता, तर भेदभाव आकड्यांत तरी दिसला असता. म्हणून लॉगबुक हे आम्ही परीक्षेचे ओझे मानत नाही; ज्याची कोठे ओळख नाही त्याचा तो साक्षीदार आहे.

कामाच्या तासांचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली लिबी झायन ही १८ वर्षांची मुलगी रुग्णालयात दाखल झाल्यावर काही तासांतच दगावली. तिच्यावर उपचार करणारे निवासी डॉक्टर दीर्घ पाळीवर होते. त्यातून उठलेल्या वादानंतर त्या राज्याने १९८९ साली आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली आणि २००३ साली ती अमेरिकाभर लागू झाली. आपल्या देशात तर ५ जून १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेच्या आदेशात सलग पाळी १२ तासांहून अधिक नसावी आणि सामान्यतः आठवड्याला ४८ तास काम असावे, असे लिहिलेले आहे. २०२३ च्या नियमांत आकडा जाऊन ‘वाजवी तास’ आणि ‘वाजवी विश्रांती’ असे शब्द आले, साप्ताहिक सुट्टी आणि वर्षाला किमान २० दिवसांची रजा आली. वाजवी म्हणजे किती, हे ज्याच्या हाती ड्यूटीची यादी आहे तो ठरवतो. १९९२ चा आकडा पाळला जात नव्हता हे खरे, पण बोट ठेवून दाखवता येत होता. सलग दोन रात्री जागलेल्या निवासी डॉक्टरचे मूल्यमापन करणे म्हणजे झोपेचेच मूल्यमापन करणे होय.

आपल्या माजी विद्यार्थ्यांत आता वेगवेगळ्या विषयांचे विशेषज्ञ आहेत, काही अध्यापकही आहेत. जे अध्यापक आहेत त्यांच्या हातात तो तक्ता आहे. तो त्यांनी दर तिमाहीला, विद्यार्थ्याला समोर बसवून भरावा. जे पुण्यात आहेत त्यांनी नव्याने रुजू होणाऱ्या मुलामुलींना आपला फोन नंबर द्यावा. साधे प्रश्न असतात : कोणत्या पुस्तकापासून सुरुवात करावी, प्रबंधाचा विषय कसा निवडावा, वरिष्ठ रागावले तर काय समजावे आणि कोणते रागावणे मुकाट्याने सोसू नये. रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्रात १९९९ पासून आहे, प्रत्येक महाविद्यालयात त्यासाठी समिती असावीच लागते, आणि तो पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही तितकाच लागू आहे.

रुजू होणाऱ्यांनी लॉगबुक रोजच्या रोज भरावे, दोन ओळी का होईनात. तिमाही तक्त्यावर न वाचता सही करू नये आणि त्याची छायाप्रत स्वतःजवळ ठेवावी. मन फारच खचले तर १४४१६ या ‘टेलिमानस’च्या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते, त्या फोनची नोंद गुणपत्रिकेवर होत नाही. घरच्यांनी पहिले काही महिने फोनची वाट पाहत बसू नये. शक्य असेल तर एखाद्या रविवारी डबा घेऊन निवासी डॉक्टरांच्या वसतिगृहाच्या दारापर्यंत जाऊन यावे. भेट दहाच मिनिटे होईल, तीही उभ्या उभ्या. पण मुलीचा चेहरा तेवढ्यात पाहून होतो.